मोडी वळणाचे नवे खिळे : एक परीक्षण

गतवर्षीच्या श्रावणांत आमच्या हातून एक चूक घडली. ज्या कागदाविषयीं ती घडली तो कागद, आणि ज्या साधनानें तो कागद तयार झाला तें साधन, या दोहोंचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे. चुकीची कबुली आधीं देऊन मग परीक्षणास लागावें हें बरें. नाहीं तर वाचकांस असें वाटावयाचें कीं, आम्हांस हें सारें पहिल्यापासूनच ठाऊक होतें.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही नव्या मुंबईंत सीवूड्स येथें राहावयास आलों. सिडकोनें १९७० नंतर वसविलेल्या या शहराच्या इतर भागांप्रमाणें हाही भाग नवा. त्याच्या पोटांत राहिलेलीं करावे, दारावे हीं गांवें मात्र जुनीं. स्थानकावर मोठें व्यापारी संकुल, खाडीकडे रोहित पक्ष्यांचे थवे, आणि मधल्या उंच इमारतींत देशावरून व कोंकणांतून आलेलीं बिऱ्हाडें, अशी येथील मांडणी आहे. अशा ठिकाणीं जुनें दप्तर कोठून सांपडणार, असें आम्हांस प्रथम वाटलें. परंतु तें खरें ठरलें नाहीं. बिऱ्हाडांबरोबर ट्रंकाही आल्या आहेत, आणि ट्रंकांच्या तळाशीं कागदही. शिवाय विकत घेऊन संग्रह करणारे दोन-तीन गृहस्थ आमच्या सायंकाळच्या फिरण्याच्या टापूंतच निघाले. त्यांपैकीं एकांनीं एक मोडी पत्र आम्हांपुढें ठेविलें आणि मत विचारलें.

पत्र सतरा ओळींचें. उत्तर पेशवाईंतील म्हणून विकलेलें. छावणींतील घोड्यांच्या वैरणीचा मजकूर. कागद हातानें केलेला, जुना, कडांस पिवळा पडलेला. आणि अक्षर! तें पाहून आम्ही भुललों, असेंच म्हटलें पाहिजे. टपोरें, एका बाजूस किंचित् कललेलें, काना मात्रा जेथल्या तेथें, 'ळ'च्या गांठी मोत्यांसारख्या. तीस वर्षें मुलांच्या गिचमिड उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास सुंदर अक्षराची भूक असते, ती अशा वेळीं दगा देते. "कागद अस्सल दिसतो; लेखक कसलेला कारकून असावा," अशी चार ओळींची चिठी आम्हीं त्या गृहस्थांस लिहून दिली. त्यांनीं पत्र चौकटींत बसवून दिवाणखान्यांत लाविलें.

मार्गशीर्षांत एका आप्ताकडील लग्नाची पत्रिका आली. हल्लीं पत्रिकेच्या माथ्यावर मोडींत दोन ओळी छापण्याची चाल पडली आहे. तशा तींतही होत्या. वर व वधू या दोन्ही पक्षांकडील कोणासही त्या वाचतां येत नव्हत्या, ही गोष्ट निराळी. आम्हीं त्या वाचून दाखविल्या, आणि वाचतां वाचतां 'ज'वर थबकलों. त्या 'ज'च्या पोटांतील गांठ डावीकडे जराशी चेपलेली होती. ही चेप आम्हीं पूर्वीं पाहिली होती. कोठें पाहिली, हें आठवावयास दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली.

त्या गृहस्थांकडे जाऊन चौकट उतरविली. पारदर्शक कागद पत्रावर ठेवून पहिल्या ओळींतील एक 'स' अणकुचीदार पेन्सिलीनें छापून घेतला, आणि तो पत्रांतील इतर 'स'कारांवर एकामागून एक ठेवीत गेलों. पत्रांत स्वतंत्र असे तेवीस 'स' होते. तेवीसही एकमेकांवर तंतोतंत बसले. मग 'त' घेतला, मग 'र' घेतला. दोन तास हें चाललें होतें. यजमानांनीं मध्यें चहा आणून ठेविला, तो तसाच निवाला. त्या घरांत कोणी बोलेना.

असो. आतां साधनाकडे वळूं. आमच्या कांहीं वाचकांस 'फॉण्ट' हा शब्द अद्याप परका वाटत असेल. छापखान्यांत शिशाच्या खिळ्यांचा जो संच असे त्याचेंच हें संगणकांतील रूप होय. एकदां काढलेलें अक्षर हवें तितक्या वेळां जसेंच्या तसें उमटविणें हा खिळ्याचा धर्म, फॉण्टाचाही तोच. मोडीचे खिळे ही कल्पनाही आजची नव्हे. बंगाल्यांतील श्रीरामपुरास विल्यम केरीनें मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापलें तें देवनागरी खिळ्यांत. परंतु १८१० सालचा त्याचा मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांत. तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आमचें म्हणणें पटेल कीं, तेथें मोडी वाचतां येते, पण ती चालत नाहीं. एकेक अक्षर आपापल्या जागीं उभें आहे. पुढें मुंबई-पुण्याकडील मुद्रकांनीं खिळ्यांसाठीं बाळबोधच धरिली. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं निघाला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांनीं बाळबोध खिळा पूर्णत्वास गेला. मोडीचें जें छपाईचें काम पडे तें बहुधा शिळाछापावर होई. कारण शिळेवर हात जसा चालला तसा उमटतो. सरकार दरबारीं १९१७ सालीं बाळबोधीस प्राधान्य मिळालें, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही मोडी गेली.

ती परत आली ती संगणकावाटे. अंशुमान पांडे यांनीं सिद्ध केलेल्या प्रस्तावावरून युनिकोडच्या ७.० या आवृत्तींत, म्हणजे २०१४ सालीं, मोडीस ७९ चिन्हांची स्वतंत्र जागा मिळाली. हें काम मोठ्या उपकाराचें झालें. तत्पूर्वीं ज्यानें त्यानें आपापले मोडी फॉण्ट आपापल्या खुणांवर बसविलेले असत आणि एकाचें लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर भलतेंच दिसे. आतां मोडी मजकूर मोडी म्हणूनच साठवितां येतो, शोधतां येतो. गूगलच्या 'नोटो' मालिकेंत मोडीचाही फॉण्ट आहे. कोणत्याही लिपीच्या जागीं रिकामे चौकोन दिसूं नयेत एवढाच त्या मालिकेचा हेतु. आपण कोणा चिटणिसाच्या हातचे आहों, असा आव तो फॉण्ट आणीत नाहीं. म्हणून त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती दुसऱ्या वर्गाविषयीं : बोरूच्या जाड-बारीक वळणाची, मुद्दाम 'हस्तलिखित' दिसावी म्हणून नटविलेली मोडी. आमच्या पत्रिकेंतील व त्या पत्रांतील फॉण्ट या वर्गांतला. त्याचें नांव आम्ही देत नाहीं. ज्यानें तो आंखला त्याचा यांत अपराध नाहीं. किंबहुना त्याचा हात चांगला आहे, हें आमची चिठीच सांगते.

प्रश्न असा आहे कीं, हस्ताक्षराचा फॉण्ट करणें हें मुळांत कितपत साधतें? येथें बाळबोध आणि मोडी यांत भेद केला पाहिजे, आणि तो सहसा केला जात नाहीं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. तेथें समर्थांनीं पोथीच्या अक्षराची जी अपेक्षा सांगितली तिचा गाभा सारखेपणा हा आहे : आरंभापासून शेवटपर्यंत अक्षराचें मान, अंतर, काळेपणा यांत फरक पडूं नये. म्हणजे पोथी लिहिणाराचा आदर्शच असा कीं, त्याचा हात खिळ्यासारखा चालावा. तेव्हां जुन्या पोथीच्या वळणावरून कोणीं बाळबोध फॉण्ट केला, तर तो पोथीलेखकाच्या मनांतलीच गोष्ट पुरी करितो. मोडीचें तसें नाहीं. ती दप्तराची लिपि. रेघ आधीं पानभर ओढून ठेवावयाची, आणि तिला अक्षरें लटकवीत, बोरू शक्य तों न उचलतां धांवत सुटावयाचें. राजवाड्यांनीं तिचा संबंध फारशी शिकस्त्याशीं जोडिला. तो ऐतिहासिक दृष्ट्या ग्राह्य असो वा नसो, स्वभाव दोहींचा एकच, घाईचा. या घाईमुळें मोडींतील अक्षर शेजार पाहून बदलतें, ओळीचा शेवट जवळ आला कीं अंग चोरतें, आणि दौतींतून नुकताच बाहेर आलेला बोरू जें अक्षर काढतो तेंच अक्षर तो कोरडा पडत आल्यावर निराळें काढतो. मोडीची शोभा ती या बदलांतच आहे. चिटणिशी, महादेवपंती, रानडी असे वळणांचे जे प्रकार जाणते लोक ओळखतात, ते एकेका अक्षराच्या आकारावरून तितके ओळखीत नाहींत जितके एका अक्षरांतून दुसऱ्यांत जाण्याच्या रीतीवरून. फॉण्टानें अक्षर उचललें; जाण्याची रीत मागें राहिली.

यावर असें म्हणतां येईल कीं, परदेशांत ही अडचण सोडविली गेली आहे. तें खरें आहे, आणि कशी सोडविली हें पाहण्यासारखें आहे. हेर्मान झाप्फ या जर्मन सुलेखनकारानें १९९८ सालीं 'झाप्फिनो' नांवाचा फॉण्ट केला, त्यांत एकेका अक्षराचीं अनेक रूपें ठेविलीं, म्हणजे एका शब्दांत तेंच अक्षर दोनदां आलें तरी जुळें दिसूं नये. त्याहून मोठा उद्योग नस्तालिकाचा. मिर्झा अहमद जमील यांनीं मोनोटाइप कंपनीच्या साहाय्यानें १९८१ सालीं 'नूरी नस्तालीक' सिद्ध केला. त्यासाठीं सुमारें २०,००० जोडआकृति हातानें लिहिल्या गेल्या, कारण सुटीं अक्षरें जोडून नस्तालीक होत नाहीं हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. मोडीसाठीं एवढी मेहनत घेतलेला फॉण्ट आमच्या पाहण्यांत नाहीं. परीक्षणाखालील फॉण्टांत 'र'चीं दोन-तीन रूपें आहेत आणि कांहीं जोडाक्षरें बरीं साधलीं आहेत. पण 'स' एकच, 'त' एकच. शिवाय शेंपट्या लांब. अक्षर देखणें करावयाचें म्हणजे त्यास शेंपटी जोडावयाची, ही आजच्या नक्षीकामाची समजूत दिसते. दिवसास पंचवीस पत्रें हातावेगळीं करणारा कारकून शेंपटीवर शाई दवडीत नसे. अच्युत पालव यांच्यासारख्या कलावंतांनीं मोडीचें वळण घेऊन जें स्वतंत्र लेखन केलें त्याची गोष्ट वेगळी. तेथें चित्र आहे, आणि तें चित्र म्हणूनच पुढें येतें.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचें. असा कागद पुढें आल्यास ओळखावा कसा? आमच्या हातीं आलेल्या पत्रावरून जीं चिन्हें निघालीं तीं सांगतों. मात्र नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रत्येक चिन्ह सद्धेतु नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. शाईचा काळेपणा सतरा ओळींत कोठेंही उतरला नव्हता. हें संशयास्पद खरें, पण निर्णायक नव्हे. चांगला लेखक बोरू वेळेवर बुडवितो. खाडाखोड एकही नव्हती. तीही कांहीं अस्सल पत्रांत नसते. शिरोरेघ शब्दागणिक तुटलेली होती. हें अधिक बलवान्, कारण आधीं पानभर ओढलेली रेघ शब्द पाहून तुटत नाहीं, आणि जुन्या मोडींत शब्दच सुटे नसतात. चौथें चिन्ह इकाराचें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाहीं. सामान्यतः इकार दीर्घ आणि उकार ऱ्हस्व लिहिण्याचा प्रघात. या पत्रांत 'आणि', 'स्थिति' इत्यादि शब्दांत ऱ्हस्व वेलांट्या आजच्या बाळबोधींतल्याप्रमाणें बिनचूक पडल्या होत्या! युनिकोडांत मोडीच्या दोन्ही वेलांट्यांस जागा आहे; त्यामुळें बाळबोध मजकूर यंत्रानें मोडींत उलटविला कीं शुद्धलेखनही त्याबरोबर चालत येतें. शाळामास्तर म्हणून ज्या गोष्टीचा आम्हांस जन्मभर आनंद वाटला तीच येथें लबाडीची साक्षीदार ठरली, आणि श्रावणांत ती आम्हांस दिसली नाहीं, याची लाज वाटते.

पांचवें चिन्ह हाताचें. मातबराचें पत्र कारकून लिही आणि शेवटचे चार शब्द तो मातबर स्वतःच्या हातानें घाली, हें पेशवाईंतील पत्रें हाताळणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. या पत्रांत अखेरचें 'बहुत काय लिहिणें' हें वरील मजकुराच्याच वळणाचें होतें. एकट्या या गोष्टीवरून पत्र खोटें ठरत नाहीं, कारण नकल म्हणून उतरविलेल्या कागदांतही असें होतें. परंतु हें पत्र मूळ म्हणून विकलें गेलें होतें.

आणि मग मजकूर. वैरणीच्या जागीं पत्रांत 'वैराण' असें होतें. 'घोड्यांस वैराण पोंचली' याचा अर्थ काय, म्हणून श्रावणांत आम्हीं थोडा वेळ डोकें खाजविलें होतें आणि लेखकाच्या हातची चूक समजून सोडून दिलें होतें. मार्गशीर्षांत त्या दिवशीं घरीं परत आल्यावर कपाटांतील छापील साधनसंग्रह काढून बसलों. तिसऱ्या रात्रीं एका संग्रहांत तें पत्र सांपडलें; शब्दशः तेंच. तेथें 'वैराण' छापलें होतें, आणि पुस्तकाच्या शेवटीं शुद्धिपत्रांत संपादकानें तें 'वैरण' असें सुधारलें होतें. अठराव्या शतकांतील कारकुनानें विसाव्या शतकांतील खिळे जुळविणाराची चूक केली होती. ज्यानें हें पत्र बनविलें त्यानें शुद्धिपत्र पाहिलें नाहीं. आम्हींही श्रावणांत पाहिलें नाहीं.

अक्षरें एकमेकांवर बसवून पाहण्याची जी कसोटी आम्हीं वापरली ती आज निर्णायक आहे. मनुष्याच्या हातून तेवीस 'स' तंतोतंत एक निघणें अशक्य. पण ती कायमची राहील असें कोणीं समजूं नये. उद्यां झाप्फच्या धर्तीवर पांच 'स' ठेवणारा मोडी फॉण्ट निघेल. मग तेवीसांचे पांच ढीग पडतील आणि त्या ढिगांतून सारखेपणा शोधावा लागेल. परवां प्रत्येक वेळीं अक्षर थोडें हलविणारें यंत्रही येईल. तेव्हां हातीं राहील तो कागद, शाई आणि कागदाची कुळकथा. खळ लावून घोटलेल्या कागदावर यंत्राची पातळ शाई कशी बसते हें भिंगाखालीं पाहावें. आमच्या पत्रांत ती ठिपक्याठिपक्यांनीं बसली होती. कोरा जुना कागद मिळतो कोठें, असें कोणी विचारील. जुन्या वह्यांचीं शेवटचीं कोरीं पानें रद्दींत हवीं तितकीं मिळतात. ज्या विक्रेत्यानें हें पत्र विकलें त्यानें, तें कोणाच्या घरचें, या प्रश्नास 'एका जुन्या वाड्यांतलें' एवढेंच उत्तर दिलें होतें. या उत्तरावर कोणीं एक रुपयाही देऊं नये.

हा हौशी लोकांच्या दिवाणखान्यापुरता प्रश्न नाहीं. मोडी कागद आजही पुरावा आहे. जमिनीच्या वांटपांत तो निघतो, वतनाच्या वादांत निघतो. आणि २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध हातीं घेतला तेव्हां गांवोगांवच्या मोडी नोंदींस केवढें मोल आलें, हें सर्वांनीं पाहिलें. वाचणारे थोडे आणि गरजू पुष्कळ, अशा वेळीं देखण्या वळणाचा फॉण्ट कोणाच्या हातीं काय करील, याचा विचार फॉण्ट करणारांनीं व वापरणारांनीं केला पाहिजे.

तरी फॉण्ट नकोत असें आमचें मत नाहीं. मोडी शिकविणाऱ्या वर्गांत पहिल्या महिन्यास स्थिर अक्षर लागतें. तेथें साधा मोडी फॉण्ट शिळाछापाच्या जुन्या पुस्तकांहून सोयीचा आहे. मात्र दुसऱ्या महिन्यापासून मूळ कागदांचीं छायाचित्रें विद्यार्थ्यांपुढें ठेवावीं. केवळ फॉण्टावर शिकलेला एक हुशार तरुण आम्हांकडे आला होता. त्यास छापील मोडी धडाधड वाचतां येई, आणि रुमालांतला खरा कागद पुढें ठेवितांच तो रडकुंडीस आला. पुस्तकाचें मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, लग्नपत्रिका यांवर मोडी दिसली तर आम्हांस आनंदच आहे. निदान वाचतां येणाऱ्याकडून एकदां तपासून घ्यावी, एवढी विनंती. आमच्या आप्ताच्या पत्रिकेंत वधूपित्याच्या नांवांतील एक अक्षर गळलें होतें, तें मंगलाष्टकें झाल्यावर कळलें.

इतिहाससंशोधनाच्या संस्थांनीं एक काम मात्र विलंब न लावतां करावें असें आम्ही सुचवितों. ज्याप्रमाणें निरनिराळ्या चिटणिसांच्या हातच्या अक्षरांचे नमुने आपण जपून ठेवितों, त्याचप्रमाणें उपलब्ध असलेल्या प्रत्येक मोडी फॉण्टाचें एक नमुनापत्र छापून दप्तरीं ठेवावें : सर्व मूळाक्षरें, बाराखडी, अंक, आणि वर फॉण्टाचें नांव व निघाल्याचें साल. संशयित कागद आला कीं तो प्रथम या नमुनापत्रांशीं ताडून पाहावा. फॉण्ट करणारांनींही तो कोणत्या कागदाच्या वळणावरून बेतला तें जाहीर करावें, आणि एखाद्या अक्षरांत मुद्दाम ठेविलेली खूण संस्थांस कळवावी. आमच्या 'ज'ची चेप जाणून ठेविलेली होती कीं चुकून राहिली, हें समजण्यास मार्ग नाहीं. पण तिचे उपकार आहेत.

संग्राहक गृहस्थांस आम्हीं दुसरी चिठी लिहून दिली आणि पहिली परत मागितली. त्यांनीं ती दिली नाहीं. चौकट अद्याप त्यांच्या दिवाणखान्यांत आहे. कांचेच्या आंत पत्राखालीं आमच्या दोन्ही चिठ्या एकीखालीं एक लाविलेल्या आहेत, आणि घरीं येणाऱ्यांस ते तिन्ही कागद क्रमानें वाचून दाखवितात.